बाराशे चाळीस मिलिलिटर

१

रविवारी सकाळी आठ वाजता वहीत नोंद झाली: चोवीस तासांची लघवी, बाराशे चाळीस मिलिलिटर. धडधाकट माणसाची असावी तितकी. आणि त्याच रविवारी संध्याकाळी साडेसहाला तो माणूस इस्पितळात दगावला. दाखल्यावर कारण होतं, मूत्रपिंडं निकामी.

वही आणि दाखला टेबलावर शेजारी शेजारी ठेवून ब्युरोवाले साहेब कपाळ चोळत बसले होते. आमचा ब्युरो घरोघरी नर्स पुरवतो. मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली आणि निवृत्तीनंतर घरात बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा इथल्या मुलींना शिकवायला येते. सगळे मला मोठ्या सिस्टर म्हणतात. मी फटकळ आहे, पण मरणाच्या कागदांपुढे माझंही तोंड जरा आवरतं.

"डॉक्टर म्हणतात, शेवटचे तीन दिवस या माणसाला दिवसाला दीडशे-दोनशेच्या वर लघवी झालेली असणं शक्यच नाही," साहेब म्हणाले. "म्हणजे वही खोटी आहे. आणि वही लिहिली तुमच्या चिमणीने."

चिमणी म्हणजे माझ्याच हाताखाली शिकलेली पोर. अंगाने एवढीशी, म्हणून वर्गात पडलेलं नाव तिला चिकटलं. घरात आजारी आई, पाठीवर शिकणारा भाऊ, आणि सगळं घर हिच्या एका नोंदणीवर उभं. उद्या अकरा वाजता नोंदणी कार्यालयात सुनावणी होती. नोंदणी गेली की पुन्हा कुठल्याही रुग्णाला हात लावता येणार नव्हता, आणि घरच्यांनी पोलिसांत जायची तयारी ठेवली होती ती वेगळीच.

"ती खोटं लिहिणार नाही," मी म्हटलं.

"सिस्टर, तुम्ही तिला शिकवलंय म्हणून तुम्हाला तसं वाटतंय." साहेबांनी खणातून तिसरा कागद काढला. "तिने कबूल केलंय. ही बघा सही."

२

चिमणी मागच्या खोलीत पट्ट्यांच्या खोक्यांमध्ये बसली होती. रडून झालं होतं. रडून झालेल्या माणसाशी बोलणं जास्त अवघड असतं.

"अगं शहाणे, सही कसली केलीस?"

"साहेब म्हणाले, आकडे अंदाजाने लिहिले असं कबूल केलंस तर ते लोक पोलिसांत जाणार नाहीत. आईला कळलं असतं तर ती तिथेच बसली असती, सिस्टर."

"आणि लिहिलेस का अंदाजाने?"

तिने मान वर केली. तेवढ्यापुरती माझी जुनी चिमणी दिसली. "एकही नाही. प्रत्येक थेंब मोजून लिहिला. पण कोण विश्वास ठेवणार? आता मलाच वाटायला लागलंय की मी चुकीचं वाचलं."

मी वही उघडली. नवऱ्याचा पगार आणि रुग्णाची वही, दोन्ही नीट वाचायला शिकलं पाहिजे, असं मी वर्गात सांगते आणि मुली हसतात. खोटं लिहिणारा माणूस आळशी असतो. तो बसल्या बैठकीला पाच दिवस एकाच पेनाने लिहितो, हजार, अकराशे, हजार. इथे दोन पेनं होती, एका पानावर औषधाचा डाग, एका ठिकाणी चुकलेला आकडा खोडून शेजारी सही. मंगळवार पाचशे वीस. बुधवार अकराशे पंच्याऐंशी. गुरुवार तेराशे दहा. शुक्रवार बाराशे पाच. शनिवार बाराशे चाळीस.

"ही वही खरी आहे," मी म्हटलं. "भांड्यात एवढं होतं, तेवढंच तू लिहिलंस."

"मग माणूस मेला कसा?"

शेजारच्याच रकान्यात किती पाणी प्यायले ते लिहिलं होतं. मंगळवारी नऊशे. मग साडेसहाशे, पाचशे, चारशे. शनिवारी तीनशे. मी बोट ठेवलं तसा तिचा चेहरा उतरला. तीनशे पिऊन बाराशे चाळीस बाहेर टाकणारा माणूस मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

"विचारलं होतं मी," ती पुटपुटली. "त्यांच्या घरच्या काकू म्हणाल्या, काका रात्री पितात, ते सांगायचं राहून जातं."

३

डॉक्टर माझ्यासमोर शिकाऊ म्हणून आले होते, तेव्हा त्यांना सलाईन लावताना घाम फुटायचा. आता टक्कल पडलंय आणि घाम फुटत नाही, एवढाच फरक. मी विचारलं, "डॉक्टर, नळाला पाणी येत नाही तर तीनच कारणं. टाकीत पाणी नाही, पंप बिघडला, नाहीतर पुढे कुठे तुंबलंय. तुमच्या रुग्णाचं काय होतं?"

"तुंबलेलं नव्हतं," ते म्हणाले. "नळी घातली तेव्हा मूत्राशयात जेमतेम तीस मिलिलिटर होतं, काळ्या चहासारखं. पुढे अडलेलं असतं तर मूत्राशय फुगलेलं सापडलं असतं. सोनोग्राफीतही मूत्रपिंडं फुगलेली नव्हती. आधी टाकी आटली आणि मग पंप जळला, असं म्हणा. शरीरात पाणी कमी, रक्तदाबाची गोळी चालू, आणि त्यावर कशाने तरी घाव घातला. कशाने, ते मला कळलं नाही. मी दिलेल्या औषधांत तसं काही नव्हतं."

"आणि वेळेवर आला असता तर?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. "म्हणूनच तर वही ठेवायला लावली होती ना. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर लघवी कमी झाली होती. मी सगळ्यांसमोर बजावलं होतं, पाचशेच्या खाली गेली की त्याच दिवशी फोन करायचा. लघवी कमी होणं म्हणजे शरीराने पहिल्यांदा मारलेली हाक असते. तेव्हा दुखत नाही, खुपत नाही, माणूस गप्पा मारत असतो. आत पोटॅशियम साठत जातं आणि एक दिवस हृदय थांबतं. बुधवारी कळलं असतं तर सलाईनवर भागलं असतं. शुक्रवारी कळलं असतं तर डायलिसिस लागला असता, पण वाचले असते."

"सगळ्यांसमोर म्हणजे कोणाकोणासमोर?"

"ते स्वतः, त्यांची बायको, मुलगी आणि तुमची नर्स. मुलीने विचारलं होतं, मी रविवारी जाऊ का? तिची बाहेरगावी नोकरी होती. मी म्हटलं, पाच दिवस वही चांगली राहिली तर खुशाल जा."

मी उठले. दारात पोचेपर्यंत डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ती वही नुसती वही नव्हती. त्या घरात एका माणसाच्या सुटकेचा तो परवाना होता.

४

घर दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. गेलेला माणूस बसड्रायव्हर. तेहेतीस वर्षं लांब पल्ल्याच्या गाड्या चालवून निवृत्त झालेला. भिंतीवर अपघात न केल्याबद्दलची चार प्रशस्तिपत्रकं, ओळीत, पट्टी लावून टांगल्यासारखी सरळ.

दार बायकोने उघडलं. मला पाहून ती बाजूला झाली नाही.

"ती पोरगी आली नाही ना तुमच्याबरोबर?"

"नाही वहिनी. मी एकटीच आलेय."

"तिला सोडणार नाही मी. माणूस गेला माझा." हे म्हणताना तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मी आत गेले.

लेक चहा घेऊन आली. चाळिशीला टेकलेली, केस ओढून बांधलेले. बाप गेल्याच्या निरोपावरून सोमवारी अर्ध्या वाटेतून परत आली होती. "सहा वर्षं मी घरीच होते," तिने आपणहून सांगितलं. "आधी आईचं पाठीचं, मग बाबांचे गुडघे. ही नोकरी दोनदा पुढे ढकलली होती. सोमवारी रुजू झाले नसते तर जागा जाणार होती. आता गेलीच."

"बाबांना तू जावीस असं वाटत होतं?"

"सगळ्या जगापेक्षा जास्त. गुरुवारी मला दाखवायला वॉकर न धरता चार पावलं चालले. म्हणाले, बघ, तुझा बाप नवा कोरा झाला."

ऑपरेशनला दहा दिवस झालेले, आणि वॉकर न धरता चार पावलं. मी वहिनींना त्यांचं सामान दाखवायला सांगितलं. कपाटात एक पत्र्याची पेटी होती. बिल्ला, लायसन, शिट्टी, आणि खाली गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. मोजल्या तर तीन.

"पाठीची गोळी ती," वहिनी म्हणाल्या. "ड्युटीवर असल्यापासून घ्यायचे. सगळेच ड्रायव्हर घेतात."

जबरदस्त वेदनाशामक होतं. आटलेल्या शरीरात, रक्तदाबाच्या गोळीबरोबर, ते मूत्रपिंडांवर सरळ हातोडा घालतं. डॉक्टरांना न सापडलेला घाव मला सापडला होता, आणि तो माणसाने स्वतःच्या हाताने घातला होता, लेकीला चार पावलं चालून दाखवण्यासाठी.

"पाणी का पीत नव्हते हो?"

"सवयच नव्हती. गाडी मधे थांबवता येत नाही ना. घोटभर पिऊन सहा-सहा तास काढायचे. आता तर उठलं की गुडघा दुखायचा, मग म्हणायचे, प्यायलंच नाही तर उठायला नको."

लघवी का आटली ते कळलं. पण आटलेली लघवी वहीत बाराशे कशी झाली, ते अजून बाकीच होतं. आणि चिमणीची मान त्याच प्रश्नात अडकली होती.

५

मी चिमणीला फोन लावला आणि न्हाणीघरात जाऊन दार लोटलं. "दिवसा भांडं कोण वापरायचं, कसं, सगळं सांग. काही गाळू नकोस."

"काका वॉकर घेऊन तिथे यायचे. मला म्हणायचे, लेकीसारखी आहेस, दार ओढून घे. मग आतून हाक मारायचे, झालं गं. मी आत जाऊन भांड्यातलं जारमध्ये ओतायची, वाचायची, लिहायची, टाकून द्यायची."

"जार काचेचा?"

"हो. मंगळवारी आकडाच दिसेना. थंडी होती ना, गरम लघवी ओतली की काच धुरकटायची. पुसून पुसून वाचला."

"आणि बुधवारी?"

"बुधवारपासून पुसावा लागला नाही, सिस्टर," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, हवा बदलली."

हवा बदलली नव्हती. त्या दिवशीही न्हाणीघराच्या फरशीवर गारठ्याने पाय ठरत नव्हता. मी वही पुन्हा उघडली. बुधवारी दिवसा चार वेळा: दोनशे चाळीस, अडीचशे, दोनशे पंचेचाळीस, दोनशे चाळीस. गुरुवारीही तसंच. लघवीचं भांडं कोपऱ्यात पालथं होतं. ते उचलून पाहिलं. आतल्या बाजूला अडीचशेची उमटवलेली रेघ. माणसाचं मूत्राशय रेघ बघून थांबत नसतं. रंगाच्या रकान्यात चिमणीने इमानदारीने लिहिलं होतं: मंगळवारी गडद, बुधवारी फिकट, पुढे पाण्यासारखा. तिला ते सुधारणेचं लक्षण वाटलं होतं.

बाहेर येऊन मी वहिनींना विचारलं, "गाडी वाटेत तापली तर ड्रायव्हर काय करतात हो?"

प्रश्न ऐकून त्या जरा सैलावल्या. नवऱ्याच्या कामाबद्दल बोलायला कुठल्या बायकोला आवडत नाही? "सीटखाली पाण्याचा कॅन असायचा यांच्या. रेडिएटर गळका असला तरी गाडी उभी करायचे नाहीत. पाणी ओतायचं, काटा खाली आला की निघायचं. म्हणायचे, पॅसेंजर पोचला पाहिजे, दुरुस्ती डेपोत गेल्यावर."

तेहेतीस वर्षांची सवय. काटा जागेवर आणायचा आणि ट्रिप पुरी करायची. या माणसाने वहीकडे काट्यासारखं पाहिलं आणि रोज चार वेळा भांड्यात नळाचं पाणी ओतलं. पॅसेंजर म्हणजे लेक, आणि ती रविवारी निघणार होती.

चिमणी सुटली, असं वाटून मी श्वास सोडला. आणि मग माझी नजर शुक्रवारच्या पानावर गेली.

शुक्रवारी दिवसभरात फक्त एकशेपाच. शनिवारी दिवसभरात चाळीस. शेजारी चिमणीची नोंद होती: ग्लानी, दोनदा उलटी, पाय सुजलेले, उठवत नाही. माणूस न्हाणीघरापर्यंत जाऊच शकत नव्हता. तरी शुक्रवारची बेरीज बाराशे पाच आणि शनिवारची बाराशे चाळीस. उरलेले अकराशे, बाराशे रात्रीच्या झाकणाच्या भांड्यातून आले होते.

चिमणी रात्री आठला घरी जायची. ड्रायव्हरला कूस बदलता येत नव्हती. म्हणजे पाणी ओतणारा हात आता दुसऱ्याचाच होता, आणि तो माणूस जिवंत होता.

६

त्या घरात रात्री दोनच माणसं हिंडतीफिरती होती. फायदा व्हायचा होता तो लेकीचा. मी तिला गॅलरीत गाठलं.

"रात्रीचं भांडं तू पाहायचीस?"

"मी? बाबांनी मला त्या खोलीत रात्री पाऊलही टाकू दिलं नाही. बापाचं हे लेकीने करायचं नाही म्हणायचे. आईच करायची सगळं. तुमच्या नर्सला विचारा." ती थांबली. "का विचारताय?"

मी आत वळले. चिमणीनेही तेच सांगितलं होतं: सकाळी भांडं काकूच हातात द्यायच्या.

वहिनी ओट्याजवळ उभ्या होत्या. भांडी घासून झाली होती तरी घासत होत्या. मी नळ बंद केला.

"वहिनी, शुक्रवारी ते उठू शकत नव्हते. मग त्यांनी तुम्हाला सांगितलं, हो ना?"

त्यांनी ओल्या हातांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. पोलीस, सुनावणी, वही, सगळं त्या क्षणी त्या बाईच्या तोंडावरून पुसलं गेलं आणि नुसती थकलेली म्हातारी उरली.

"म्हणाले, तेवढं पाणी घाल. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. पोरीची गाडी सुटू दे, मग लगेच डॉक्टरांना फोन कर, मी बरा होतो." त्यांचा आवाज मध्येच घसरला. "एक्केचाळीस वर्षं त्यांनी सांगितलं ते ऐकलं. गाडी कुठे अडली नाही कधी त्यांची. मला काय ठाऊक, सिस्टर, लघवीवाचून माणूस मरतो ते? जेवत नाही म्हणून मरतो, श्वास कोंडून मरतो. लघवी झाली नाही तर होईल उद्या, असंच वाटतं ना माणसाला?"

वाटतं. चाळीस वर्षांत शेकडो शहाण्या माणसांना तसं वाटताना मी पाहिलंय.

"रविवारी ती दहाला निघाली. सवादहाला मी फोन केला," वहिनी म्हणाल्या. "सवादहाला, सिस्टर. एक मिनिट उशीर केला नाही."

"आणि आमची नर्स? तिचा काय दोष होता?"

"कुणीतरी पाहिजे ना," वहिनी म्हणाल्या. "मी की ती, एवढंच होतं. मला माझं नाव घेववेना."

मला राग यायला हवा होता. आलाही, पण उभा राहायला त्याला जागा मिळेना. मी म्हटलं, "हे लिहून द्यावं लागेल. नाहीतर ती पोर आयुष्यातून उठेल."

"देते. पण एवढं करा, लेकीला कळू देऊ नका. तिच्यासाठी केलं हे तिला कळलं तर ती कशी जगेल?"

"मला ठाऊक आहे," दारातून आवाज आला.

लेक तिथे कधीपासून उभी होती कोण जाणे. ती रडत नव्हती. "माझा पलंग न्हाणीघराच्या भिंतीला लागून आहे, आई. बाबा आत गेले की नळ सुटायचा. भांड्यात पाणी पडल्याचा आवाज वेगळा असतो. शुक्रवारी रात्री तू नळ सोडलास, शनिवारीही सोडलास. मी पडून ऐकत होते."

"तू काय ते समजली नसशील," वहिनी घाईघाईने म्हणाल्या.

"समजले होते. मीच तर डॉक्टरांना विचारलं होतं, जाऊ का म्हणून." तिने दाराची चौकट धरली. "मी स्वतःला सांगितलं, हात धूत असतील. सहा वर्षांनी पहिल्यांदा बॅग भरली होती मी. मला उठून विचारायचं नव्हतं."

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या आणि ती जमिनीकडे. तक्रारअर्ज लेकीनेच लिहिला होता, आईच्या सांगण्यावरून. खरं काय ते तिघांनाही माहीत होतं; आईबापांनी ते लेकीपासून लपवलं होतं आणि लेकीने आपल्याला कळल्याचं त्यांच्यापासून. त्या घरात माहीत नसलेली एकच व्यक्ती होती, ती रोज आठ ते आठ जार हातात धरून आकडा वाचत होती.

मी कागद आणि पेन ओट्यावर ठेवलं. वहिनींना अक्षर जुळवता येईना, तेव्हा त्या बोलल्या आणि लेकीने लिहिलं.

७

सुनावणीला तीन जण होते. दोघे पुरुष आणि मध्ये एक बाई, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच वॉर्डात पाय झिजवलेली. तिने वहिनींचा कागद दोनदा वाचला, लेकीचा अर्ज मागे घेतल्याची चिठ्ठी वाचली, चिमणीची कबुली फाडून टाकली.

"तुम्ही खोटे आकडे लिहिले नाहीत, हे सिद्ध झालं," ती चिमणीला म्हणाली. "आता मला एक सांगा. शुक्रवारी तुम्ही स्वतःच्या हाताने ग्लानी, उलटी, पायांवर सूज असं लिहिलंत. चारशे पाणी आत, बाराशे बाहेर, तेही तुम्हीच लिहिलंत. शनिवारी आणखी वाईट. डॉक्टरांना फोन का केला नाही?"

चिमणी माझ्याकडे बघायला लागली. वर्गात उत्तर आलं नाही की बघायची तशी.

"लघवी चांगली होती ना मॅडम," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाचशेच्या खाली गेली तर फोन करा. खाली गेली नाही."

त्या बाईने पेन ठेवलं. मी बोलायला उठले होते. चार मुद्दे काढून आणले होते, कागदावर लिहून. पण मी तिच्या जागी बसले असते तर हाच प्रश्न विचारला असता, आणि उत्तर ऐकून मीही पेन ठेवलं असतं. मुलींना मोजायला मी शिकवलं. मोजून झाल्यावर एकदा माणसाकडे बघायचं, हे शिकवलं होतं की नाही, ते मला आठवेना. मी पुन्हा खाली बसले.

नोंदणी दोन वर्षांसाठी रद्द. पोलीस नाहीत, खटला नाही. बाहेर व्हरांड्यात साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की वाईटातलं त्यातल्या त्यात बरं झालं, आणि ब्युरोच्या यादीतून तिचं नाव मात्र काढावंच लागेल. वहिनी आणि लेक समोरच्या बाकावर बसल्या होत्या, दोघींमध्ये एका माणसाची जागा सोडून. लेकीची नोकरी दुसऱ्या कुणाला दिल्याचं पत्र आलं होतं. यापुढे त्या दोघी त्याच तीन खोल्यांत राहणार होत्या, आणि दोघींनाही सगळं ठाऊक होतं.

चिमणी जिन्यात माझी वाट बघत थांबली होती. पाठीवर पिशवी, हातात नोंदणी कार्यालयाचा लखोटा. आईला काय सांगायचं, हे ती विचारेल असं मला वाटलं. त्यासाठी मी मनात दोन-तीन वाक्यं जुळवलीही होती.

"सिस्टर, मी शुक्रवारी फोन केला असता तर काका वाचले असते का?"

नातेवाइकांना मी आयुष्यभर एकच उत्तर दिलंय: तुमच्या हातात काही नव्हतं. कधी ते खरं असायचं, बहुतेकदा नसायचं, पण घरी जाऊन दोन घास खायला त्यांना त्याचा उपयोग व्हायचा. आत्ताही ते जिभेवर आलं. पण ही नातेवाईक नव्हती. ही मी शिकवलेली नर्स होती, आणि दोन वर्षांनी कधीतरी पुन्हा कुणाच्या तरी उशाशी उभी राहणार होती, राहिलीच तर.

"हो," मी म्हटलं. "वाचले असते."

तिने मान हलवली, लखोटा पिशवीत घातला आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत खाली गेली.